दुसऱ्याच्या पायावर उभी : सॅमसंगच्या एसएम५ची एकवीस वर्षं

२०१९च्या जूनमध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानच्या कारखान्यात एका गाडीची शेवटची तुकडी विक्रीला निघाली. दोन हजार गाड्या, एकच मॉडेल आणि सरसकट किंमत दोन कोटी वॉन, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण बारा लाख रुपये. या तुकडीला नाव दिलं होतं ‘एसएम५ अदियू’. अदियू हा फ्रेंच भाषेतला कायमचा निरोप. कोरियन रस्त्यावर एकवीस वर्षं धावलेल्या, टॅक्सीवाल्यांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी वापरलेल्या गाडीला निरोप मिळाला तो फ्रेंचमध्ये. त्याला कारणही होतं. १९९८ साली ही गाडी आली तेव्हा तिचं अंग जपानी होतं, गेली तेव्हा फ्रेंच होतं. कोरियन होते ते बनवणारे हात, आणि तिच्या नाकावरचं चिन्ह.

आपल्याकडे सॅमसंग म्हटलं की मोबाइल, टीव्ही, फ्रिज. सॅमसंगने कधी मोटार बनवली होती, हे सांगितलं तर बहुतेकांना खरं वाटत नाही. पण बनवली होती, आणि चांगली बनवली होती. इतकी चांगली की ती बनवणारी कंपनी बुडाली तरी गाडी बुडाली नाही. मग पुढे ती का संपली? उत्तर एका वाक्यात देता येतं: तिचा पाया कधीच स्वतःचा नव्हता. पण हे उत्तर नीट समजायचं असेल, तर सुरुवात खाडीतल्या चिखलापासून करावी लागते.

सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही हे मोटारींचे मोठे दर्दी. वडिलांच्या निधनानंतर १९८७ मध्ये समूहाची सूत्रं त्यांच्याकडे आली. संख्येपेक्षा दर्जा, हा त्यांचा ध्यास होता. १९९५च्या मार्चमध्ये गुमी इथल्या कारखान्याच्या आवारात त्यांनी दीड लाखाच्या आसपास फोन आणि इतर उपकरणं कामगारांसमोर ढीग घालून फोडायला आणि जाळायला लावली, कारण त्यांत दोष निघाले होते. त्याच महिन्यात सॅमसंग मोटर्स ही कंपनी स्थापन झाली. या दोन घटना मला वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या माणसाने स्वतःचा सदोष माल असा जाळला, तो पहिली गाडी कशी बनवणार, याचा अंदाज तिथेच येतो.

पण कोरियात गाड्या बनवणाऱ्यांची वाण नव्हती. ह्युंदाई, किआ, देवू, शिवाय जीपगाड्यांची सांगयाँग. सरकारी उद्योग खात्याचं म्हणणं होतं की आणखी एक कारखाना म्हणजे अतिरेक. ते म्हणणं चुकीचं नव्हतं. मग परवानगी मिळाली कशी? बुसानमुळे. हे बंदराचं शहर एकेकाळी जगाचे बूट शिवत असे. मजुरी वाढली, ते काम इंडोनेशिया आणि चीनकडे गेलं, आणि शहरात बेकारी आली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांचा राजकीय बालेकिल्ला बुसानच. सॅमसंगने कारखाना बुसानमध्ये काढायची तयारी दाखवली, शहराने रेटा लावला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये मंजुरी आली.

जागा मिळाली ती नाकदोंग नदीच्या मुखाशी, भराव घालून तयार केलेली. खाली मऊ गाळ. तिथे मोटारीचे अवजड प्रेस उभे करायचे म्हणजे आधी जमिनीत खोलवर खांब ठोकायला हवेत. दुसरीकडे जो पैसा यंत्रांत गेला असता, त्यातला मोठा वाटा इथे जमिनीच्या पोटात गेला. वर्षाला २ लाख ४० हजार गाड्यांची क्षमता असलेला कारखाना उभा राहिला खरा, पण पहिली गाडी निघायच्या आधीच डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. उद्योगाची जागा राजकारणाने ठरवली की तिचं भाडं पुढची पिढी भरते. महाराष्ट्रातल्या एमआयडीसी बघत आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तंत्रज्ञान आलं निसानकडून. सॅमसंगने गाडी निवडली ती निसानची सेफिरो, जी अमेरिकेसह अनेक देशांत मॅक्सिमा म्हणून विकली जायची. तीच थोडीफार बदलून एसएम५ झाली. एसएम५१८, ५२०, ५२०व्ही, ५२५व्ही अशी तिची रूपं. पहिल्या दोन रूपांचं इंजिन चार सिलिंडरचं, ‘व्ही’ असेल तर सहा सिलिंडरचं. कोरियात तेव्हा मध्यम आकाराची सेडान म्हणजे साधारण दोन हजार सीसीची गाडी. कर तिथपर्यंत परवडायचा, मागच्या सीटवर आजी-आजोबा आणि नातू मावायचे, आणि दारात उभी राहिली की घर मार्गी लागलं असं शेजारी समजायचे. आपल्याकडे पूर्वी पद्मिनी किंवा ॲम्बॅसडरला जो मान होता, तसाच.

या गाडीचं मोठेपण कशात होतं, ते बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही. इंजिनात खालचा क्रँक आणि वरचा कॅम एकमेकांशी ताल धरून फिरावे लागतात. त्यांना जोडणारी वस्तू दोन प्रकारची असते: रबरी टायमिंग बेल्ट किंवा पोलादी साखळी. त्या काळात बऱ्याच गाड्यांना बेल्ट असे. स्वस्त, आवाज कमी, पण ठरावीक किलोमीटरनंतर बदलायलाच हवा. बदलायचा राहिला आणि धावत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, आणि गाडी टोइंग करून गॅरेजला न्यावी लागते. तिथे हेड उघडलं की मालकाचा दोन महिन्यांचा पगार संपला म्हणायचा. एसएम५च्या निसान इंजिनांना साखळी होती. ती इंजिनच्याच तेलात भिजत फिरते आणि तेल वेळेवर बदललं तर सहसा इंजिनाइतकीच जगते. स्पार्क प्लगही प्लॅटिनमचे, लाख किलोमीटर चालतील असे. मालकाला शोरूममध्ये हे काही दिसत नाही. पाच-सात वर्षांनी शेजाऱ्याची गाडी गॅरेजला असते आणि आपली दारात असते, तेव्हा त्याच्या लक्षात येतं. गॅरेजवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही गाडी काम काढत नसे.

असा माल बाजारात आला १९९८च्या मार्चमध्ये. त्याहून वाईट मुहूर्त सापडला नसता.

तीनच महिन्यांपूर्वी कोरियाचा परकीय चलनाचा साठा आटला होता आणि देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावं लागलं होतं. वॉन कोसळला होता. कर्ज फेडायला लोक आपल्या अंगठ्या, सोन्याची पदकं सरकारजमा करत होते. १९९७ मध्ये देशात सुमारे पंधरा लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या, १९९८ मध्ये तो आकडा आठ लाखांच्याही खाली आला. सॅमसंगला अडचण दुहेरी होती. गिऱ्हाईक नाही, आणि वॉन पडल्यामुळे निसानकडून येणारे सुटे भाग महाग. त्यात त्याच मार्चमध्ये ह्युंदाईने नवी ‘ईएफ’ सोनाटा आणली. पहिल्या एसएम५ घेणाऱ्यांत सॅमसंगचेच कर्मचारी मोठ्या संख्येने होते. २ लाख ४० हजारांसाठी बांधलेला कारखाना क्षमतेच्या अगदी थोड्या भागावर चालत होता. बुडालेली किआ विकत घेऊन संख्या वाढवावी, म्हणून सॅमसंगने लिलावात बोली लावली. किआ ह्युंदाईला मिळाली.

मग आला तो ‘बिग डील’. राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्या सरकारने मोठ्या उद्योगसमूहांना आपापसांत धंदे बदलून घ्यायला लावलं. ठरलं असं की सॅमसंगची मोटार देवूला आणि देवूची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी सॅमसंगला. बुसान पेटलं. मोर्चे निघाले, कारखाना बंद-चालू होत राहिला. हिशेब जुळेना. अखेर ३० जून १९९९ रोजी सॅमसंग मोटर्सने न्यायालयाकडे दिवाळखोरीतल्या संरक्षणासाठी अर्ज केला. ली कुन-हींनी सॅमसंग लाइफ या विमा कंपनीतले स्वतःचे चाळीस लाख शेअर कर्जफेडीसाठी देऊ केले, एका शेअरची किंमत सात लाख वॉन धरून. त्या शेअरांवरून सावकार आणि सॅमसंग यांच्यातला वाद कोर्टकचेऱ्यांत पुढे २०१५ पर्यंत चालला. देवू तरी वाचली का? दोनच महिन्यांत देवू समूहच कोसळला.

त्या पडझडीचे तुकडे आपल्या दारापर्यंत आले, हे इथे सांगायलाच हवं. देवूचा गुनसानचा ट्रक कारखाना २००४ मध्ये टाटा मोटर्सने घेतला. देवूच्या मोटारी जनरल मोटर्सकडे गेल्या, आणि कोरियातल्या त्या अभियंत्यांनी आखलेली छोटी गाडी शेवर्ले बीट म्हणून मावळात तळेगावला बनू लागली. पुढे तो तळेगावचा कारखाना घेतला तो ह्युंदाईने. कोरियातल्या एका दशकाच्या हिशेबाची शेवटची पानं आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत लिहिली गेली.

बुसानच्या कारखान्याला मात्र तारणहार मिळाला. १९९९च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या रेनोने आजारी निसानचा मोठा हिस्सा घेतला होता. एसएम५चे आराखडे निसानचे. म्हणजे सॅमसंग मोटर्स घ्यायला जगात सर्वांत सोयीचा गिऱ्हाईक रेनोच. सुमारे ५६ कोटी डॉलरला सौदा झाला, ७० टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा रेनोकडे गेला, आणि सप्टेंबर २००० मध्ये रेनो सॅमसंग मोटर्स सुरू झाली. सॅमसंगने पाचव्या हिश्श्याइतकी भागीदारी आणि आपलं नाव वापरायची मुभा ठेवली. ‘वादळाचा डोळा’ म्हणून ओळखलं जाणारं ते लंबगोल चिन्हही गाडीवर तसंच राहिलं.

पुढची चार-पाच वर्षं या गाडीचे सोन्याचे दिवस. आणि ते आणले टॅक्सीवाल्यांनी. टॅक्सीवाल्याइतका कठोर परीक्षक कुठल्याही देशात नसतो. तो जाहिरात वाचत नाही, गाडी रोज दहा-बारा तास चालवतो, आणि गॅरेजमध्ये गेलेला प्रत्येक दिवस त्याच्या खिशातून जातो. कोरियातल्या बहुतेक टॅक्स्या तेव्हा एलपीजीवर चालत. एसएम५ टॅक्सी लाखो किलोमीटर पळूनही इंजिनला हात लावायची वेळ येत नाही, हे टॅक्सी स्टँडवर बोललं जाऊ लागलं आणि तिथून ते मागच्या सीटवर बसलेल्या प्रवाशाच्या कानावर गेलं. कंपनी दिवाळखोर झाली, तिची गाडी घेऊ का, असं विचारणाऱ्याला ड्रायव्हर डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा दाखवत असेल, तर आणखी कुठली हमी हवी? माझ्या मते एसएम५ला जीवदान रेनोच्या पैशापेक्षाही या तोंडी साक्षीने दिलं.

इथून पुढे गोष्ट वळते, आणि ती समजून घ्यायची तर शेजारी ह्युंदाईकडे बघावं लागतं. ह्युंदाईचीही सुरुवात उसनवारीचीच होती. १९८३ची ह्युंदाई स्टेलर फोर्ड कॉर्टिनाच्या सांगाड्यावर बेतलेली, इंजिन मित्सुबिशीचं. सोनाटा हे नाव आधी स्टेलरच्याच वरच्या मॉडेलला मिळालं. पण ह्युंदाईने उधार घेतानाच स्वतःचं शिकायला घेतलं. १९९१ मध्ये तिने ‘आल्फा’ हे पहिलं स्वतःचं इंजिन आणलं. २००४च्या सप्टेंबरमधल्या ‘एनएफ’ सोनाटात स्वतःचं ‘थीटा’ इंजिन आलं, आणि ज्या मित्सुबिशीला ह्युंदाई वर्षानुवर्षं रॉयल्टी मोजत होती, तिनेच आता ह्युंदाईच्या आराखड्यासाठी पैसे मोजले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, दुसऱ्या पिढीची एसएम५ आली. पाया निसान टियानाचा. चांगली गाडी होती, शांत, प्रशस्त. पण कोरियातल्या अभियंत्यांच्या हातात काय होतं? जाळी बदलणं, दिवे बदलणं, आतली सजावट कोरियन घराच्या आवडीची करणं. ते त्यांनी मनापासून केलं. मूळ निर्णय मात्र जपानमध्ये होत होते, आणि त्यांचं वेळापत्रक कोरियातल्या बाजाराला विचारून ठरत नव्हतं. ह्युंदाई दर काही वर्षांनी पूर्ण नवी सोनाटा आणायची. एसएम५ला वाट बघावी लागायची ती निसानकडे पुढचा सांगाडा तयार व्हायची.

तिसरी पिढी २०१० मध्ये आली तेव्हा सावकार बदलला होता. आता पाया रेनो लागुनाचा. हीच गाडी रेनो लॅटिट्यूड म्हणून युरोपात गेली, आखातात तिचं नाव सफ्रान. तिच्यात ड्रायव्हरच्या सीटला मालिश होती, केबिनमध्ये सुवास सोडणारी कुपी होती. आतलं स्वास्थ्य खरोखर उत्तम. पण ज्या गिऱ्हाइकाने पहिली एसएम५ घेतली होती, त्याला सुवास नको होता, त्याला दहा वर्षांची बेफिकिरी हवी होती. शिवाय समोर उभ्या होत्या धारदार रेषांची नवी सोनाटा आणि किआची के५. त्यांच्यापुढे एसएम५ गोलमटोल, वयस्क दिसली. येन महागल्यामुळे जपानी भाग पुन्हा अंगावर आले. २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षं कंपनी मोठ्या तोट्यात गेली, शेकडो कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचा कागद हातात देण्यात आला. कारखाना वाचला तो निसानच्या रोग या एसयूव्हीमुळे. २०१४ पासून ती बुसानमध्ये बनून अमेरिकेला जाऊ लागली. म्हणजे एसएम५च्या घराचं भाडं आता दुसरीच कुणी भरत होती.

उसनवारीची किंमत किती बारीक ठिकाणी मोजावी लागते, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. २०१३ मध्ये एसएम५ टीसीई आली. छोटं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, दोन क्लचचा गिअरबॉक्स. कल्पना काळाच्या पुढची होती: दोन लिटरची ताकद, १.६ लिटरचं पोट. कोरियात मोटारीचा वार्षिक कर सीसीवर लागतो आणि १,६०० सीसीपर्यंत दर कमी आहे. इंजिन निसानचं, तयार आलेलं. ते होतं १,६१८ सीसीचं. अठरा सीसीने गाडी वरच्या कराच्या खान्यात पडली. इंजिन कोरियात आखलं गेलं असतं, तर कागदावर पहिली रेघ ओढायच्या आधी कुणीतरी १,६०० हा आकडा भिंतीवर चिकटवला असता.

आणि तरीही, या गाडीतली सर्वांत सुंदर गोष्ट कोरियातच घडली. पुण्या-मुंबईत सीएनजीच्या टॅक्सीत सहकुटुंब स्टेशनला गेलेल्याला हे लगेच कळेल. डिकी उघडली की आत सिलिंडर आडवा, आणि बॅगा मांडीवर. कोरियातल्या एलपीजी गाड्यांचंही हेच दुखणं होतं. त्यातून एलपीजीची गाडी तिथे अनेक वर्षं सरसकट कुणालाही घेता येत नसे. टॅक्सी, भाड्याच्या गाड्या, अपंग व्यक्ती, माजी सैनिक अशांनाच ती मुभा होती. म्हणजे ज्याला डिकीत व्हीलचेअर ठेवायची आहे, त्याच्याच डिकीत टाकी. रेनो सॅमसंगने टाकीचा आकारच बदलला. मेदूवड्यासारखी गोल, मधे भोक असलेली चपटी टाकी केली आणि ती डिकीच्या फरशीखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात बसवली. डिकी मोकळी झाली, व्हीलचेअर सरळ आत जाऊ लागली. २०१५च्या सुमाराला एसएम५मध्ये ही टाकी आली. आपल्याकडे टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये दोन लहान सीएनजी सिलिंडर डिकीच्या तळाशी घालून याच दुखण्यावर इलाज केला, तेव्हा त्याचं किती कौतुक झालं ते वाचकांना आठवत असेल. कोरियात मार्च २०१९ मध्ये एलपीजी गाड्या सर्वांना खुल्या झाल्या. एसएम५ तीन महिन्यांत बंद झाली. तिच्या टाकीचा फायदा मिळाला तो त्याच कारखान्यातल्या क्यूएम६ या एसयूव्हीला.

शेवटची तीन वर्षं तर केवळ रेंगाळण्याची होती. २०१६ मध्ये रेनो टालिस्मानचं कोरियन रूप एसएम६ म्हणून आलं, आकडा एकाने मोठा आणि किंमतही. एसएम५ स्वस्तातली, एकाच मॉडेलची गाडी म्हणून दुकानात राहिली. साधी गाडी हवी असलेल्या लोकांनी तिला तरीही घेतलं, हे तिच्या नावाचं पुण्य. पण तोवर बाजारच दुभंगला होता. ज्याची ऐपत वाढली तो ह्युंदाई ग्रँडरसारख्या मोठ्या सेडानकडे गेला, तरुण कुटुंबं एसयूव्हीकडे. मधल्या आकाराच्या सेडानचं ते जुनं अप्रूप, दारात उभी राहिली की घर मार्गी लागलं, ते सोनाटालाही टिकवता आलं नाही.

एसएम५ अपयशी गाडी होती, असं लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही. दिवाळखोरीतून जी जिवंत बाहेर आली, टॅक्सी स्टँडने जिला पास केलं, जिने हजारो कामगारांची घरं एकवीस वर्षं चालवली, ती अपयशी कशी? अपयश होतं ते तिला स्वतःचा आराखडा कधीच न देणाऱ्यांचं. सॅमसंगला घाई होती म्हणून उसनं घेतलं, ते समजण्यासारखं आहे. रेनोला घाई नव्हती. एकोणीस वर्षं हातात होती, बुसानमध्ये शिकलेले हात होते, मेदूवड्याच्या आकाराची टाकी डिकीखाली बसवणारी डोकी होती. त्यांना एक अख्खी सेडान पहिल्या रेघेपासून आखायला कधी मिळाली नाही.

२०२२ मध्ये कंपनीच्या नावातून सॅमसंग गेलं आणि ती रेनो कोरिया झाली. त्याच वर्षी चीनच्या जीली कंपनीने तिच्यात ३४ टक्के हिस्सा घेतला. २०२४च्या एप्रिलपासून गाड्यांवरचा ‘वादळाचा डोळा’ही गेला, तिथे रेनोचा हिरा आला. नाकदोंगच्या मुखाशी, त्याच खांबांवर उभा असलेला कारखाना आजही चालू आहे. तिथून त्या वर्षी निघालेली नवी गाडी म्हणजे ग्रँड कोलिओस ही एसयूव्ही. तिचा पाया जीलीचा आहे.